आठ अक्षरांचं नाव

सगळ्यात आधी माझ्या हातून एक वस्तू बिघडली, ते सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तोक्योत मला दुसरं वर्ष लागलं होतं. युराकुचोला इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात महिन्यातून दोन रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं एका आजींनी जमिनीवर अंथरलेल्या कापडावर मला बोटभर रुंदीची, अर्ध्या वितीच्या लांबीची एक धातूची पट्टी दिसली. काळपट, मळकट, आणि त्या काळोखात सोन्याच्या दोन बारीक बदकांची जोडी. आजी म्हणाल्या, ही 'कोझुका'. वाकिझाशी म्हणजे आखूड जपानी तलवार, तिच्या म्यानाला बाजूनं एक खाच असते, तिच्यात छोटी सुरी बसते, त्या सुरीची ही मूठ. किंमत माझ्या आवाक्यातली होती. घरी आणली आणि वाटलं, किती मळलीय बिचारी.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी आई पितळ-तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासायची. घंगाळ, तांब्या, समया, सगळं परसात मांडलेलं आणि हाताला चिंचेचा वास. मी तेच केलं. निशी-कसाईच्या किराणा दुकानात चिंच सहज मिळते. चार-पाच मिनिटं चोळली असेल. काळा थर सुटला आणि खालून लालसर, नवीकोरी वाटावी अशी तांब्याची झळाळी आली. मी खूश झाले. फोटो काढून आईला पाठवला. आई म्हणाली, "छान निघाली गं!"

ती काळी जिल्हई म्हणजेच ती वस्तू होती, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. त्या धातूला 'शाकुदो' म्हणतात. तांब्यात शेकड्याला तीन-पाच भाग सोनं मिसळायचं. मिसळल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो, सोनं कुठं दिसतही नाही. मग त्याला एका खास क्षाराच्या पाण्यात उकळायचं, आणि त्या पाण्यात धातूवर निळसर झाक असलेला काळा रंग चढतो, कावळ्याच्या पंखासारखा. त्या तीन-पाच टक्के सोन्याशिवाय तो रंग येत नाही. म्हणजे कारागिरानं सोनं घातलं होतं ते काळं दिसावं म्हणून, आणि मी ते काळं चिंचेनं धुऊन टाकलं.

ज्यांनी हे सांगितलं त्यांना मी पुढं सेन्सेई म्हणू लागले. रिटायर झालेले शाळामास्तर, तलवारींच्या एका अभ्यासगटात शिकवणारे. त्यांनी कोझुका भिंगाखाली धरली. बदकांच्या भोवतीची जमीन सुईच्या टोकाएवढ्या गोल दाण्यांनी भरलेली होती, ओळीला ओळ लावून. जपानीत त्याला 'नानाको' म्हणतात, माशाची अंडी. प्रत्येक दाणा पोकळ टोकाच्या छिन्नीचा एकेक ठोका. चिंचेचा चिकट गर त्या दाण्यांच्या मधल्या फटींत अजून होता. सेन्सेईंनी तो मला दाखवला आणि काही बोलले नाहीत.

त्यांनी एका कारागिराचा पत्ता दिला. त्या गृहस्थांच्या कामाच्या खोलीत मी दोन तास बसून पाहिलं. आधी कोझुका कोळशाच्या बारीक पुडीनं चोळून स्वच्छ केली, मग किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवली आणि तशीच तांब्याच्या भांड्यात त्याच क्षाराच्या उकळत्या पाण्यात सोडली. मुळा कशाला, तर रंग डागाडागानं न चढता सारखा चढावा म्हणून. रंग माझ्या डोळ्यांदेखत आला: आधी तपकिरी, मग जांभळट, मग काळा. हातात देताना ते म्हणाले, "रंग आला. पण हा आजचा रंग आहे. तो अडीचशे वर्षांचा होता."

ती कोझुका अजून माझ्याकडे आहे. सुंदर आहे. पण मी कुणाला दाखवते तेव्हा हे सगळं सांगितल्याशिवाय दाखवत नाही.

त्यानंतर वर्षभर मी काही विकत घेतलं नाही. नुसतं पाहिलं. र्योगोकुला जुन्या यासुदा बागेच्या कडेला तलवारींचं संग्रहालय आहे. आधी ते योयोगीत होतं, २०१८च्या जानेवारीत इथं आलं. जपानी कलातलवार जतन संघटनेचं हे संग्रहालय. संघटना १९४८ची, आणि ती कशी जन्मली हे इथं सांगायलाच हवं. महायुद्धात जपान हरला तेव्हा अमेरिकी सैन्यानं शस्त्रं जमा करायला सांगितलं. घराघरांतून तलवारी गेल्या. काही समुद्रात टाकल्या, काही वितळल्या. तोक्योच्या उत्तरेला आकाबाने इथल्या गोदामात त्यांचे ढीग लागले. होन्मा जुन्जी आणि त्यांच्यासारख्या जाणकारांनी अधिकाऱ्यांना पटवलं की यातल्या पुष्कळ तलवारी शस्त्र म्हणून नव्हे, कला म्हणून राखायला हव्यात, आणि ढिगांतून हजारो पाती बाजूला काढली. आज आपण काचेआड जे पाहतो त्यातलं किती तरी त्यांच्या नजरेनं वाचलेलं आहे.

अभ्यासगट महिन्यातून एकदा बसायचा. पाच तलवारी मांडलेल्या, मुठीत बसणारा भाग झाकलेला, म्हणजे सही दिसणार नाही. एकेक पातं हातात घ्यायचं, आणि घडवणारा कोण ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पण हातात घेणं हेच आधी शिकावं लागतं. पात्यापुढं मान लववायची. म्यान डाव्या हातात, धार वर, आणि पात्याच्या पाठीवर भार देऊन एका दमात बाहेर ओढायचं, धार लाकडाला घासू द्यायची नाही. पात्यावर बोट लावायचं नाही. तोंड उघडायचं नाही, कारण थुंकीचा एक अदृश्य कण पुरतो, महिन्याभरात तिथं गंज धरतो. हे वाचायला कर्मकांड वाटेल, पण प्रत्येक नियमामागं कुणाच्या तरी हातून गेलेलं एक पातं आहे, हे मला कोझुकामुळं चटकन कळलं.

दिवा साधा, पिवळा, एकच. पातं त्या दिव्याच्या रोखानं धरून हळूहळू कलतं करायचं. आणि मग धारेच्या कडेनं ते दिसतं, ज्याला ते 'हामोन' म्हणतात. मराठीत आपण पाणीदार तलवार म्हणतो, पात्याला पाणी दिलं म्हणतो. इथं मला त्या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी दिसला. लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीवर जाड, धारेवर पातळ, आणि लालबुंद करून पाण्यात बुडवतो. लेप पातळ असतो तिथलं पोलाद झटक्यात थंड होऊन कठीण होतं, बाकीचं सावकाश निवतं आणि चिवट राहतं. दोन्हींच्या सीमेवर दवाच्या कणांसारखी एक पांढरी रेघ उमटते. तलवारीचा बाकही याच बुडवण्यात पूर्ण होतो. एका क्षणाचं काम, आणि चारशे वर्षं तसंच.

माझ्या चिठ्ठीवर पहिल्या सहा महिन्यांत एकच उत्तर यायचं: 'इया'. म्हणजे नाही. अगदी लोहार ओळखला तर 'आतारी'. त्याच घराण्यातला, त्याच्या इतक्या जवळचा की फरक मानायचा नाही असा ओळखला तर 'दोझेन'. मला पहिलं 'दोझेन' मिळालं ते एका हिझेन पात्यावर. हिझेन म्हणजे क्यूशू बेटावरचा आजचा सागा आणि नागासाकीचा प्रदेश. नाबेशिमा सरदारांच्या पदरी तिथं तादायोशी घराणं पिढ्यान् पिढ्या तलवारी घडवत होतं. त्यांच्या पोलादाचा पोत इतका बारीक, इतका सारखा असतो की त्याला 'कोनुका' म्हणतात, तांदळाचा कोंडा. आणि खरोखर, आमच्या गावच्या गिरणीत साळ भरडल्यावर जमिनीवर कोंड्याचा जो मऊ थर बसतो, तो आठवतो. मला ते पातं त्या गिरणीमुळं ओळखता आलं असं मी सेन्सेईंना सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही बरोबर शिकताय."

म्हणूनच जेव्हा घ्यायची वेळ आली तेव्हा मी हिझेनकडे ओढली गेले.

एका लहान दुकानात मला ती वाकिझाशी दिसली. पातं एक शाकु सात सुन, म्हणजे साडेएक्कावन्न सेंटिमीटर. सरळ रेषेचं हामोन. साधं, पांढऱ्या होओ लाकडाचं म्यान, मुठीवर वेष्टन नाही, त्याला 'शिरासाया' म्हणतात. तलवारीचा जणू घरात घालायचा पोशाख. आणि मुठीतल्या भागावर जपानी लिपीतली आठ अक्षरांची सही: ओमी दाइजो फुजिवारा तादाहिरो. तादायोशी घराण्यातली दुसरी पिढी. हा माणूस साठएक वर्षं ऐरणीपाशी उभा होता, १६९३मध्ये गेला, आणि त्याच्या इतक्या तलवारी आहेत की माझ्यासारख्या नोकरदार बाईलाही आशा धरता यावी. सही खरी असल्याचा संघटनेचा कागद नव्हता. मालकांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि किंमतही त्या हिशोबानं लावली, अडीच लाख येन. सही खरी ठरली असती तर दुप्पट-तिप्पट सहज.

परदेशी माणसाला जपानमध्ये तलवार बाळगता येते का, हे मला खूप जण विचारतात. येते, कारण परवाना माणसाचा नसतो, नोंद तलवारीची असते. शस्त्र कायदा १९५८चा आहे, पण तलवारींची कला-वस्तू म्हणून नोंदणी त्याआधीच सुरू झालेली. प्रत्येक पात्याबरोबर पोस्टकार्डाएवढा एक कागद असतो, 'तोरोकुशो'. त्यावर लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोकं किती, आणि सही काय. कागद त्या प्रांताच्या शिक्षण मंडळाचा. मला फार आवडलं ते. तलवारीची नोंद पोलिसांकडे नाही, शिक्षण खात्याकडे! विकत घेतल्यापासून वीस दिवसांच्या आत ज्या प्रांतानं कागद दिला त्या मंडळाला नव्या मालकाचं नाव कळवायचं. मी फॉर्म भरून पोस्टानं पाठवला. माझ्या कागदावर तारीख शोवा २६ची आहे, म्हणजे १९५१, नोंदणीचं पहिलंच वर्ष. कुणीतरी युद्धानंतरची सहा वर्षं हे पातं सांभाळलं आणि दार उघडल्याबरोबर नोंदवून आलं. त्या माणसाविषयी मला काहीच ठाऊक नाही, पण त्या तारखेवरून मी अजूनही कधीकधी बोट फिरवते.

घरी आणल्यावर पहिले काही महिने मी रात्री जेवण उरकलं की ती काढून पाहत असे. मुठीतली बांबूची खीळ लहान पितळी हातोडीच्या टोकानं ढकलायची. डाव्या हातात मूठ धरून उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलकेच ठोका द्यायचा, की पातं सैल होऊन वर येतं. जुनं तेल मऊ कागदानं टिपायचं, नवं लावायचं. त्या तेलाला 'चोजी' म्हणतात, लवंग. दाढ दुखली की आजी लवंगेच्या तेलाचा बोळा द्यायची, तो वास तोक्योच्या खोलीत भरायचा.

मग शिन्सा. संघटनेकडे पातं परीक्षणाला द्यायचं. पायऱ्या चार: 'होझोन', 'तोकुबेत्सु होझोन', मग 'जूयो', 'तोकुबेत्सु जूयो'. मला पहिली पायरी पुरे होती. पिशवीत गुंडाळून, तोरोकुशो बरोबर घेऊन मी र्योगोकुला गेले, पातं दिलं आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. बागेत तळ्याकाठी बराच वेळ बसले. पुढचे काही महिने कपाटातली ती जागा तशीच ठेवली, तिथं दुसरं काही ठेवलं नाही.

निकालात कारण दोनच अक्षरांचं होतं. 'गिमेई.' खोटी सही.

दुकानदारांना मी दोष देत नाही, त्यांनी काही लपवलं नव्हतं. पण त्या रात्री मला खूप लागलं. पैशांपेक्षा लागलं ते असं की मी कोंड्याचा पोत पाहिला होता, मला तो दिसला होता. मग मी काय पाहिलं?

सेन्सेईंनी मला सहीचा ठसा काढायला सांगितलं. 'ओशिगाता'. पातळ वाशी कागद मुठीतल्या भागावर ताणून धरायचा, कडांना छोटी चुंबकं लावायची, आणि मेण मिसळलेली कोरडी शाई कागदावरून हलक्या हातानं घासत जायची. गंजाचा खरखरीतपणा करडा उमटतो आणि छिन्नीच्या रेघा पांढऱ्या राहतात. दाब थोडा जास्त झाला की कागद फाटतो. चार कागद वाया गेले, पाचवा साधला. मग तो अस्सल सह्यांच्या छापील ठशांशेजारी ठेवून आम्ही दोघं बसलो.

सेन्सेईंनी शेवटचं अक्षर दाखवलं, 'हिरो'. अस्सल सहीत छिन्नी जिथं वळते तिथं धातू एका बाजूला ढकलला जातो, कारण हात न थांबता वळलेला असतो. साठ वर्षं तेच नाव कोरणारा हात. माझ्या पात्यावर वळणाशी छिन्नी उचललेली होती, जागा बघितली होती, आणि मग पुन्हा टेकवली होती. लिहिणारा आणि गिरवणारा यांच्यात जो फरक असतो, तो. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. पण सेन्सेई पुढं असंही म्हणाले की पातं वाईट नाही, हिझेनचंच असावं, बहुधा घराण्याच्या बाहेरच्या, तिथल्याच कुणा लोहाराचं. "पोत तुम्हाला दिसला तो खराच होता. नाव खोटं आहे."

इतकी खोटी नावं का? एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तलवार ही भेट द्यायची वस्तू होती. लग्नात, नेमणुकीत, वारसा आला की. व्यापाऱ्यालाही आखूड वाकिझाशी कमरेला लावता यायची, आणि पैसा त्याच्याकडे होता. भेट नावावरून तोलली जायची. होन्आमी घराणं पारख करून घडीच्या कागदावर दाखला लिहून देई, तो कागद म्हणजे 'ओरिगामी'. आजही जपानी माणूस खात्रीच्या मालाला ओरिगामी लागलेला म्हणतो. जिथं कागदाला इतकी किंमत, तिथं छिन्नीला मोह पडणारच. नागासोने कोतेत्सु या नामांकित लोहाराबद्दल तर म्हणच आहे की कोतेत्सु दिसली की खोटीच समजा.

आता प्रश्न पुढचा होता. संघटना खोट्या सहीच्या पात्याला कागद देत नाही. पण सही काढून टाकली तर तेच पातं बिनसहीचं म्हणून पुन्हा देता येतं, आणि 'हिझेन' असा कागद मिळण्याची शक्यता बरीच. हे लबाडीचं काम नाही, सर्रास चालतं, आणि पुष्कळ सच्चे संग्राहक ते पात्यावरचं कर्तव्य समजून करतात. कारागीर छिन्नीच्या रेघा बुजवतो, वर पुन्हा गंज आणतो. मग तोरोकुशोवरची सही बदलते म्हणून पातं नोंदणीच्या तपासणीला नेऊन कागद दुरुस्त करून घ्यायचा. सेन्सेईंचं मत स्पष्ट होतं. "ज्यानं हे घडवलं त्याच्या अंगावर दुसऱ्याचं नाव आहे. ते उतरवा. तो माणूस निनावी राहील, पण खोटा राहणार नाही."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. तरी माझा हात होईना. मुठीतला गंज कधी साफ करायचा नाही हा या विद्येतला पहिला धडा. त्या गंजाच्या रंगावरून वय कळतं. माझ्या पात्यावर सहीच्या रेघांच्या आतही तोच गर्द तपकिरी गंज होता. म्हणजे खोटं नावही जुनं होतं, दोनशे वर्षांचं तरी. आणि मला सारखी ती चिंच आठवत होती.

रविवारी आबांना फोन केला. त्यांना मी सगळं सांगत असते. ते म्हणाले, "अगं, आपल्या तलवारीवर त्या पापण्यांसारख्या खुणा आहेत, त्या कसल्या?"

आमचं मूळ घर पाटणच्या बाजूला. थोरल्या काकांकडे एक फिरंग आहे. लांब, सरळ पातं, मूठ आपल्याकडची, परजेला आतून जुन्या मखमलीची गादी. खंडेनवमीला ती देव्हाऱ्यापुढं पाटावर येते. लहानपणी मी तिला हळदकुंकू वाहिलं आहे, झेंडूची पाकळी पात्यावर चिकटून राहायची. आणि मुठीपासून हातभर अंतरावर दोन कमानी, आतल्या अंगाला दात असलेल्या, समोरासमोर. आम्ही मुलं म्हणायचो, तलवारीचे डोळे मिटलेत.

काकांकडून मी फोटो मागवला आणि शोधत बसले. ती खूण जेनोआची. इटलीतल्या त्या बंदरातून जाणाऱ्या पात्यांवर असे विळ्याचे ठसे असत, आणि त्यांचा लौकिक इतका झाला की युरोपात इतरत्र, कॉकेशसमध्ये आणि आपल्याकडच्या लोहारांनीही तेच ठसे आपल्या पात्यांवर मारले. काकांकडच्या पात्यावरचे ठसे दोन्ही बाजूंना सारखे नाहीत, एका कमानीला दात मोजून कमी आहेत. हे कुठल्याशा देशी लोहाराचं काम असावं असं मला फोटोवरून तरी वाटतं. ज्या काळात गोव्यावरून आलेल्या परदेशी पात्याला इकडे मान होता, त्याच काळात गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला पोर्तुगीज जहाजं जात होती, आणि शोगुन इयेयासूच्या पदरचा लोहार यासुत्सुगु आपल्या पात्यावर अभिमानानं कोरत होता की हे 'नानबान' लोखंडाचं आहे, परक्यांच्या लोखंडाचं. दोन्हीकडे लांबून आलेल्या नावाची तीच ओढ.

मी आबांना सांगितलं, "आबा, आपली खूणही नकली दिसते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असेल. पण आपल्या पणजोबांनी तिलाच नमस्कार केलाय. आता ती खूण घासून काढायची म्हणतेस का?"

मी सही ठेवली. सेन्सेईंना जाऊन सांगितलं, आबांचं बोलणंही सांगितलं. त्यांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. ते एवढंच म्हणाले की तुम्ही ती कधी दुसऱ्याला दिलीत तर गिमेई आहे हे तोंडी सांगू नका, लिहून द्या. मी ते लिहून ठेवलं आहे, जपानीत आणि मराठीत, शिन्साच्या निकालासह, तोरोकुशोच्या पाकिटात. ज्या लोहारानं ते घडवलं त्याच्याविषयी सेन्सेई जे बोलले तेही लिहिलं आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला मी वाकिझाशी शिरासायातच टेबलावर ठेवली. पात्याला कुंकू लावलं नाही. हळद-कुंकवाची भुकटी आणि ओलावा तिला सोसणार नाही. म्यानाशेजारी शेवंतीचं एक फूल ठेवलं, झेंडू वेळेवर मिळाला नाही. ओशिगाताची एक प्रत मी आधीच गावी पाठवली होती. ती पोचली तेव्हा काकांनी ती फिरंगीशेजारी पाटावर ठेवली आणि फोटो पाठवला. कागदावरच्या आठ अक्षरांच्या वर, 'ओमी'च्या डोक्यावर, काकूंनी कुंकवाचं बोट टेकलेलं होतं.